त्यांनी जोडी मोडली

१

निवेदिता बर्वेच्या लेकीला, अनुयाला, पहिली मुलगी झाली ते साल दोन हजार पंचवीस. जुलैत बारसं झालं. ऑगस्टात, पंधरा तारखेनंतरच्या रविवारी, न्यूझीलंडातल्या ऑकलंडच्या न्यू लिन भागातले दीनानाथ गुप्ते स्वतःच्या घरामागे मेलेले सापडले.

घराच्या मागच्या बाजूला लाकडी डेक होता. त्याच्या पायऱ्यांवर हिवाळ्यात शेवाळ धरायचं. म्हातारा खालच्या सिमेंटवर पडला होता, डोक्याला मार होता, मोबाईल गवतात होता. पंचाऐंशीच्या घरातला माणूस, ओल्या पायऱ्या आणि दिवसभर भुरभुर पाऊस. कुणीही म्हटलं असतं, घसरले बिचारे.

पण डेकवर जायचं काचेचं सरकतं दार आतून कडी लावून बंद होतं.

माणूस बाहेर पडलेला आणि कडी आतून, म्हणजे ती लावणारं दुसरं कुणीतरी घरात होतं. कडी लावून ते माणूस पुढच्या दारानं निघून गेलं. पुढचं दार ओढलं की आपोआप बंद व्हायचं. आणि डॉक्टर म्हणाले, पडल्यावर ते लगेच गेले नाहीत. बराच वेळ जिवंत होते. थंडीत पडून राहिले.

निवेदिता पोलिसांसाठी आणि कोर्टासाठी मराठीची दुभाषी होती. कामं तशी बारीकसारीक यायची. या वेळी डिटेक्टिव्ह सार्जंट हेमी पराटानं तिला बोलावलं. "किया ओरा, निवेदिता," असं माओरीत स्वागत करून त्यानं खुर्ची दिली आणि फोनवरचा एक निरोप ऐकवला. दीनानाथांनी त्या दुपारी हॅमिल्टनला मुलाच्या, शंतनूच्या फोनवर ठेवलेला.

"शंतनू, बाबा बोलतोय. त्यांनी जोडी मोडली रे. मी आपला इथे विश्वासानं घरात बसून राहिलो आणि त्यांनी जोडी मोडली. पण मी गप्प बसणार नाही. तू फोन कर."

निवेदितानं इंग्रजी करून दिलं. 'जोडी'चं तिनं नवरा-बायको केलं, 'त्यांनी'चं अनेकवचन केलं.

"कोणते नवरा-बायको?" हेमीनं विचारलं.

न्यू लिनमधल्या मराठी बायकांत जे बोललं जात होतं ते निवेदिताच्या कानावर होतंच. ती म्हणून गेली, "बहुतेक मुलाचा संसार. तो हॅमिल्टनला, 'ते रापा' भागात, नोकरीसाठी वेगळा राहतो. लोक त्याचं नाव देवयानीशी जोडतात. सासऱ्यांकडे येणारी नर्स."

दुभाष्यानं शब्द द्यायचा असतो, मत द्यायचं नसतं. वीस वर्षांत तिनं हे पथ्य मोडलं नव्हतं. त्या दिवशी मोडलं.

हेमीनं मान वर केली. "देवयानी," तो म्हणाला. "प्रेत तिलाच सापडलं. घराची किल्लीही तिच्याकडेच आहे."

२

देवयानी बत्तीस वर्षांची, नाशिकची. नवऱ्यापासून वेगळी झालेली, नऊ वर्षांची सिद्धी पदरात. दिवसाआड संध्याकाळी येऊन ती दीनानाथांची साखर तपासायची आणि औषधं द्यायची.

"मावशी, त्यांना नीट सांगा हं," खुर्चीत बसायच्या आधीच ती निवेदिताला म्हणाली. "इंग्रजी मला येतं. पण घाबरले ना, की सगळं उलटसुलट होतं."

"दुपारी कुठे होतीस?" हेमीच्या प्रश्नाचं निवेदितानं मराठी केलं.

"झोपले होते. रात्रपाळी करून आले होते."

"घरी कोण होतं?"

"सिद्धी मैत्रिणीकडे होती. झोपायला साक्षीदार ठेवायचा असतो हे मला माहीत नव्हतं."

शेजारच्या बाईनं दुपारी पुढच्या दारातून एका भारतीय बाईला बाहेर पडताना पाहिलं होतं. गडद निळं जाकीट, डोक्यावर टोपी ओढलेली, पाऊस. तिशीची की सत्तरीची, तिला सांगता येईना. देवयानीचं जाकीट गडद निळं होतं. तशी अर्ध्या ऑकलंडची असतात.

मग हेमीनं निरोपाचं इंग्रजी वाचून दाखवलं. देवयानीनं ते ऐकलं आणि हेमीकडे न बघता निवेदिताकडे बघितलं.

"बाबा असं म्हणालेत?"

"हो."

"माझ्याबद्दल? त्यांनीच शंतनूदादाला सांगितलं होतं मला गाडी शिकवायला! म्हणाले, पोरगी पावसात बसची वाट बघते. मावशी, ते मला ए पोरी म्हणायचे. ते असं नाही म्हणणार."

निवेदितानं शब्दाला शब्द इंग्रजी केलं. हेमीनं लिहून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "माझे वरिष्ठ म्हणतात, शुक्रवारी तिच्यावर आरोप ठेवायचा. किल्ली आहे, कारण आहे, आणि म्हाताऱ्याचे स्वतःचे शब्द आहेत."

आरोप ठेवला की देवयानीचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाणार, मग व्हिसा, आणि पोर कुणाच्या दारात जाणार ते देवाला ठाऊक. हे सगळं ज्या वाक्यावर उभं होतं ते वाक्य निवेदिताचं होतं.

३

सून नीलांबरी फार्मसिस्ट. रविवारी ती दुकानात ड्यूटीवर होती, दिवसभर कॅमेऱ्यासमोर. तिच्यावर संशय घ्यायला जागा नव्हती, आणि तिलाही त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. ती भडकली होती ती वेगळ्याच गोष्टीनं.

"दर शनिवारी इथे येऊन तिला गाडी शिकवायचा! मला कधी शिकवली? मी पेनरोजच्या रस्त्यावर ट्रकांमधून एकटी शिकले."

"म्हणजे तुमची खात्री आहे," हेमी म्हणाला.

नीलांबरी खरं बोलणारी बाई होती ती. "खात्री नाही. राग आहे. दोन्ही वेगळं आहे ना?"

निवेदितानं जपून इंग्रजी केलं. या वेळी एक अक्षरही इकडचं तिकडे होऊ दिलं नाही.

"बाबा कुठे निघाले होते?" हेमीनं विचारलं. "इस्त्रीची पँट होती, शर्ट होता, सगळी बटणं लावलेली."

"तेच मला कळत नाही. रविवारी बाबा लुंगी आणि त्यांचा तो भोकं पडलेला स्वेटर घालून बसतात. शंतनू येवो, देवयानी येवो, त्यांचे मित्र मोरेश्वरकाका येवोत. मी कितीदा सांगितलं, बाबा, निदान पायजमा तरी घाला."

"मग बाहेर जायचं असेल."

"मोजे नव्हते हो पायात! घरातल्या सपाता होत्या. मोज्यांशिवाय बाबा डेअरीवर दूध आणायलासुद्धा जात नसत. विलायतेत राहिलेला माणूस."

हेमीनं ते लिहून घेतलं, पण पुढे काही विचारलं नाही. त्याच्या दृष्टीनं कपडे म्हणजे कपडे. निवेदिताला मात्र आपल्या वडिलांची आठवण झाली. तेही घरात उघड्या अंगानं वावरायचे, आणि अमक्या घरची माणसं येणार म्हटलं की धावत जाऊन सदरा चढवायचे.

कुणीतरी येणार होतं. आणि ते कुणीतरी असं होतं की ज्याच्यासमोर लुंगीवर बसणं दीनानाथांना शोभलं नसतं.

४

त्या दुपारी दीनानाथांच्या फोनवर तीनच बोलणी झाली होती. आधी म्हाताऱ्यांच्या एका मराठी घराचा अध्यक्ष मकरंद, त्याचा फोन आला. मग शंतनूसाठी ठेवलेला निरोप. शेवटचा फोन त्यांनी मोरेश्वर चिटणिसांच्या घरी लावला होता.

मोरेश्वर म्हणजे दीनानाथांचा साठ वर्षांचा मित्र आणि साठ वर्षांचा विरोधक. दोघंही तरुणपणी इंग्लंडात लेस्टरला होते. दीनानाथ यंत्रांच्या कारखान्यात, युनियनमध्ये, मजूर पक्षासाठी पावसात दारं ठोठावणारे. मोरेश्वरांचं चष्म्यांचं दुकान, आणि ते हुजूर पक्षाच्या क्लबातले एकमेव काळे सभासद. पुढे दोघंही न्यूझीलंडला आले, पण भांडण तिथलंच राहिलं. कोळसा कुणी बुडवला, दवाखाने कुणी बांधले, संपांनी देश कुणी बसवला. लोक त्यांना मजूर आणि हुजूर म्हणूनच ओळखायचे.

ऑगस्टच्या सुरुवातीला मोरेश्वरांना अर्धांगाचा झटका आला. ते हॉस्पिटलात होते.

वॉर्डाच्या बाहेर त्यांची बायको सुचित्रा भेटली. शहात्तर वर्षांची ताठ बाई. लेस्टरच्या सरकारी हॉस्पिटलात उभा जन्म नर्सिंग केलेलं. सगळे तिला वहिनीच म्हणायचे, वयानं मोठे असलेलेसुद्धा. ग्लेन ईडनला 'आसरा' नावाचं मराठी म्हाताऱ्यांचं घर होतं, ते ती चालवायची.

"दीनानाथभावजींचा फोन आला होता," ती स्वच्छ इंग्रजीत हेमीला म्हणाली. "यांची चौकशी केली, झालं. मग मी आसराला परत गेले, जेवणाची आवराआवर होती." निवेदिताकडे वळून तिनं मराठीत सांगितलं, "यांना भावजींचं कळू देऊ नकोस हं. डॉक्टरांनी धक्का बसू नये म्हणून सांगितलंय."

"नाही सांगणार, वहिनी."

सुचित्रा चहा आणायला गेली आणि ती दोघं आत शिरली.

मोरेश्वरांचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. शब्द सावकाश येत होते, पण येत होते ते मराठीच. झटक्यानं त्यांचं इंग्रजी पुसून टाकलं होतं.

"साहेब घरी गेला," ते म्हणाले आणि अर्ध्या तोंडानं हसले. "साठ वर्षं राहिला डोक्यात. भाडं न देता."

निवेदिता हसली. हेमीनं सुचवल्याप्रमाणे तिनं विचारलं, "काका, दीनानाथकाका आणि तुम्ही इतक्यात कधी बोललात?"

"दिन्या येऊन गेला ना. सभेच्या आधी. सुचित्रा इथेच बसली होती. ठराव होता." श्वास घेऊन ते पुढे म्हणाले, "दिन्या एका बाजूचा, मी दुसऱ्या. मी म्हटलं, मी तर इथे पडलोय, तुझं फावलं. तर म्हणाला, गाढवा, मी घरी बसतो. आपण जोडी लावू."

निवेदिताच्या हातातलं पेन थांबलं.

"काय लावू, काका?"

"जोडी," मोरेश्वर म्हणाले.

५

मग त्यांनी सावकाश, मध्ये मध्ये डोळे मिटत, समजावून सांगितलं.

विलायतेच्या पार्लमेंटात ती रीत होती. एका पक्षाचा खासदार आजारी पडला, की दुसऱ्या पक्षाचा एक जण आपण होऊन मत देत नाही. दोघांची जोडी लागते आणि हिशेब सारखा राहतो. कुठे सही नाही, शपथ नाही. नुसता शब्द.

"चौऱ्याहत्तरला तिथे एका वर्षात दोन निवडणुका झाल्या. ऑक्टोबरातल्या मतदानाच्या दिवशी शंतनू झाला. दिन्याला बायकोला सोडून जाता येईना. मी म्हटलं, तुझं मत नाही, तर माझंही नाही. बसलो दोघं हॉस्पिटलच्या बाकावर, बिड्या फुंकत. ती आमची पहिली जोडी."

"आणि जोडी मोडली तर?"

म्हाताऱ्याचा बरा डोळा तिच्यावर रोखला गेला.

"शहात्तरच्या मे महिन्यात. जहाजांचे कारखाने सरकारजमा करायचं बिल होतं. आधी मतं समसमान पडली. मग पुन्हा मत झालं, आणि दिन्याचं सरकार एका मतानं जिंकलं. आमचे लोक ओरडले, जोडी मोडली! सभागृहात धक्काबुक्की झाली. दुसऱ्या दिवशी दिन्या माझ्या दुकानात आला. म्हणाला, मोऱ्या, आमच्या लोकांनी खरंच हे केलं असेल, तर मला तोंड दाखवायला जागा नाही." ते थांबले. "यापेक्षा वाईट काही नाही गं. मारामारी चालते. जोडी मोडणं चालत नाही."

"काका, ठराव कसला होता?"

"कुमुदताईंचा. दिन्या म्हणत होता, बाहेरच्या माणसाकडून चौकशी करा. मी नको म्हणत होतो. सुचित्राला किती त्रास." ते दमले. "काय झालं ठरावाचं? दिन्या आलाच नाही सांगायला. रुसला काय?"

निवेदितानं पांघरूण नीट केलं. "येतील," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर ती हेमीला म्हणाली, "मी चुकले. तुझ्या कागदावर जे इंग्रजी आहे ते चूक आहे. जोडी म्हणजे नवरा-बायको नाही. आणि हे मी लेखी द्यायला तयार आहे."

हेमीनं किल्ली फिरवली नाही. "बरं. मग मोडली कुणी?"

६

कुमुदताई आसरात राहायच्या. विसरभोळ्या झाल्या होत्या. जूनमधल्या एका सकाळी त्या तिथल्या अंगणात गारठून मेलेल्या सापडल्या. झोपेत उठून बाहेर गेल्या असणार आणि परत आत येता आलं नसणार. दार बंद होतं. कुणी कसं बंद केलं, याची चौकशी व्हावी की नाही, त्यावर रविवारच्या वार्षिक सभेत मत झालं होतं.

आसराचा अध्यक्ष मकरंद. पन्नाशीचा आयटीवाला, बोलका माणूस.

"आमच्याकडे हात वर करून मत देत नाहीत," त्यानं दाखवलं. "दीनानाथकाकांनी घालून दिलेली पद्धत. हो म्हणणाऱ्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून जायचं, नाही म्हणणाऱ्यांनी व्हरांड्याच्या. म्हणायचे, पार्लमेंटात असंच असतं. दोन्ही दारांत मोजायला माणसं. मी स्वतः व्हरांड्याच्या दारात होतो."

"आणि निकाल?"

"एका मतानं ठराव पडला. बरोबरी झाली असती तर माझं मत निर्णायक होतं, आणि मी चौकशीच्या बाजूचा. नशीब."

"तुम्ही दीनानाथांना फोन केलात."

"केला ना. आलेच नव्हते काका! स्वतः ठराव मांडला आणि सभेला गैरहजर. मी जरा रागातच होतो. म्हटलं, काका, तुम्ही असता तर जिंकलो असतो. तर म्हणाले, शक्य नाही, मकरंद, तुझी मोजणी चुकली. मी म्हटलं, काका, एकेक डोकं मोजलंय. मग एकदम गप्प झाले. फोन ठेवला."

निवेदितानं विचारलं, "मोरेश्वरकाका तर हॉस्पिटलात. त्यांचं मत मोजलंत?"

"हो, आमच्यात सवलत आहे. नवरा-बायकोतलं एक आजारी असेल तर दुसऱ्यानं दारातून दोनदा जायचं." मकरंद अगदी सहज म्हणाला, "वहिनी दोनदा गेल्या."

"कुणाला काही वाटलं नाही?"

"काय वाटायचं? नियमच आहे तसा."

कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. जोडी लागली होती हे दोन म्हाताऱ्यांशिवाय, आणि खाटेशेजारी बसलेल्या एका बाईशिवाय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

हेमी बाहेर येऊन म्हणाला, "पण दोनदा जायला मोरेश्वरनंच बायकोला सांगितलं नसेल कशावरून? किंवा सगळ्यांनी मिळून केलं असेल. निरोपात अनेकवचन आहे. 'त्यांनी'. तूच मला दिलंस."

"निरोप पुन्हा लाव," निवेदिता म्हणाली.

फोनमधून म्हाताऱ्याचा आवाज आला. त्यांनी जोडी मोडली रे.

"ऐक. मोरेश्वरांना ते मोऱ्या म्हणायचे. मोऱ्यानं मोडली असती तर 'त्यानं' म्हणाले असते. मुलाला, मकरंदला, कुणालाही 'त्यानं'. देवयानीला पोरी म्हणायचे, सुनेला नावानं हाक मारायचे. त्यांच्यासाठी 'तिनं'. इथे 'त्यांनी' आहे."

"म्हणजे अनेक माणसं."

"नाही. आमच्यात एका माणसाला मान द्यायचा असला की त्याला अनेक करतात. बाई असो की बुवा, मग 'त्यांनी'च."

हेमी तिच्याकडे बघत राहिला. "आमच्या माओरीत ते दोघं असतील तर वेगळा शब्द लागतो, ते पुष्कळ असतील तर वेगळा. मी इतके दिवस तुझ्या या शब्दात दोन माणसं शोधत होतो. किती आहेत त्यात?"

"एक," निवेदिता म्हणाली. "मित्राच्या बायकोला आमच्याकडे कुणी अगं म्हणत नाही. कितीही राग आला तरी. आणि ती घरी येणार म्हटलं की म्हातारा लुंगी सोडून पँट चढवतो, शर्टाची सगळी बटणं लावतो. मोजे नाही घालत, कारण जायचं कुठेच नसतं."

७

सुचित्रानं दोघांना आसराच्या बैठकीत बसवलं. बाहेर तेच अंगण, काचेचं सरकतं दार. चहा आला, सोबत खारी.

"वहिनी, जोडीचं तुम्हाला माहीत होतं," निवेदिता म्हणाली. या वेळी हेमीनंच तिला बोलायला सांगितलं होतं, कारण वहिनी इंग्रजीत फार जपून बोलायची.

"कसली जोडी?"

"काकांनी हॉस्पिटलात लावलेली. तुम्ही तिथे होतात."

"म्हाताऱ्यांचे खेळ गं ते! पोरखेळ. पार्लमेंट पार्लमेंट." सुचित्रानं कप बशीत ठेवला. "एका घराचा कारभार त्यानं चालत नाही. इथे दहा माणसांच्या लंगोटापासून गोळ्यांपर्यंत मी बघते. चौकशी म्हणे. बाहेरचा माणूस आला असता, घर बंद केलं असतं, मग या सगळ्यांना कुठे ठेवायचं? भावजी ठेवणार होते?"

"म्हणून तुम्ही दोनदा गेलात."

"नियमानं गेले."

तेवढ्यात हेमीचा फोन वाजला. त्यानं हातानंच माफी मागितली, दार सरकवलं आणि बोलत अंगणात गेला. गार वारा आत आला.

"भावजी मला फोनवर काय काय बोलले," सुचित्रा म्हणत होती. म्हणता म्हणता ती उठली, दारापाशी गेली, दार सरकवून लावलं, कडी खाली दाबली, एकदा ओढून पाहिली आणि परत येऊन बसली. "मी म्हटलं, येते, समोरासमोर बोलू..."

ती थांबली. निवेदिता चहा प्यायची थांबली होती.

काचेवर टकटक झाली. बाहेर हेमी उभा होता, फोन कानाला, दुसरा हात काचेवर.

बराच वेळ कुणी उठलं नाही. सुचित्रा त्या कडीकडे पाहत होती, जणू ती तिनं पहिल्यांदाच पाहिली.

"लेस्टरला आमची मेट्रन फार कडक होती," ती हळूच म्हणाली. "शेवटच्या फेरीला एकही दार उघडं राहता कामा नये. तीस वर्षं केलं. बघायला लागत नाही, हात आपोआप जातो."

"कुमुदताईंच्या वेळीही?"

"त्या बाहेर होत्या हे मला कळलंच नाही. देवाशपथ. सकाळी बघितलं." तिचा आवाज फुटला नाही, फक्त बारीक झाला. "कुणाला सांगणार मी? इतकी वर्षं लोकांनी आपली आई-बापं माझ्या हाती दिली."

"आणि दीनानाथकाका?"

"भडकले होते. म्हणाले, वहिनी, तुम्ही मोऱ्याचा शब्द खाल्लात, आता तो तोंड कसं दाखवणार? मी मकरंदला सांगतो, पुन्हा मत घ्या. घरात फोनला नीट रेंज येत नव्हती, म्हणून काठी न घेताच बाहेर गेले. मग आवाज आला."

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"जिवंत होते?"

"हात हलत होता."

निवेदितानं पुढचा प्रश्न विचारला तेव्हा तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. "वहिनी, ती कडी आपोआप लागली का?"

बाहेर हेमीनं काचेवरचा हात काढला होता आणि तो नुसता बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "ती मी लावली."

मग निवेदिता उठली आणि तिनं दार उघडलं.

८

गुरुवारी देवयानीला सांगण्यात आलं की तिच्यावर आता संशय नाही. निवेदिता मुद्दाम तिच्या घरी गेली. सिद्धीनं दार उघडलं, "मम्, इट्स दॅट लेडी," म्हणून आत ओरडली. देवयानीनं तिला दारातच उभं ठेवलं.

"माझी चूक झाली गं," निवेदिता म्हणाली. "शब्दाचा अर्थ चुकला, आणि वर मी नको ते बोलले."

"शब्दाचं मला काही नाही, मावशी. शब्द कुणाचाही चुकेल." देवयानीनं दाराची कड धरली होती. "पण जोडी म्हटल्यावर तुम्हाला पहिली मीच का आठवले?"

देवयानीनं दार लावलं नाही, पण आत या असंही म्हटलं नाही.

मोरेश्वरांना किती दिवस अंधारात ठेवणार? डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात परवानगी दिली. सांगायला मराठीच माणूस लागणार होतं. हेमी म्हणाला, नको असेल तर नाही म्हण. ती गेली. या वेळी तिनं काही झाकलं नाही, काही जोडलं नाही. दिन्या गेला, कसा गेला, दार कुणी लावलं, सुचित्रा कुठे आहे. सगळं सांगितलं.

म्हातारा छताकडे बघत ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"त्याला कळलं होतं का, की मी नाही मोडली?"

"हो, काका. वहिनींनी मोडली, हे त्यांना पक्कं कळलं होतं. निरोपात आहे."

मोरेश्वरांनी तो निरोप ऐकायला मागितला. हेमीनं ऐकवला. दोनदा ऐकून त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी जेवण घेतलं नाही, आणि कुणाशी, कुठल्याच भाषेत, बोलले नाहीत.

आसराच्या सभेनं ठराव पुन्हा घेतला आणि चौकशी नेमली. सुचित्रा चिटणीस कोर्टात उभी राहिली तेव्हा तिनं दुभाषी नको म्हणून सांगितलं.

कुमुदताई जून महिन्यात गेल्या. दीनानाथ गुप्ते रविवारी, सतरा ऑगस्ट दोन हजार पंचवीस रोजी संध्याकाळच्या सुमारास गेले. मोरेश्वर चिटणीस त्याच वर्षी सोमवारी, आठ सप्टेंबरला दुपारी हॉस्पिटलात गेले.